सेकंदाला किती हेलकावे

— नाही नाही, कन्सोल बिघडलेला नाही, तो स्क्रूड्रायव्हर ठेवा खाली. बिघडवलंय ते मी, माझ्या या हातांनी. हा लांब सूर ऐका... घंटी वाजतेय ना? स्वच्छ, खणखणीत? तिथं घंटी नकोय हो मला! सकाळपर्यंत तिथं माझ्या लेकीनं यात बनवलेल्या धुनेचा हलता सूर होता. तुम्ही जुने गेम दुरुस्त करता, तुम्हाला काय सांगायचं — पण सांगतो, कारण तीस वर्षं असल्याच गेमना आवाज दिले, तरी फसलो तो मीच. एक सूर दुसऱ्याला वरखाली हलवतो, बरोबर? सेकंदाला पाच-सहा वेळा हलवला की कानाला हेलकावा कळतो — व्हायब्रेटो. तेच शेकडो वेळा हलवा, हेलकावा कळतच नाही, आवाजाची जातच बदलते, घंटी होते — ते एफएम, रेडिओचं नव्हे, आवाज घडवायचं. फरक कशाचा? नुसत्या वेगाचा! एका आकड्याचा! मला वाटलं, लेकीनं घंटी करायला घेतली आणि आकडा चुकली, शिकाऊ पोरं चुकतात तशी. केला दुरुस्त, आधीचा आकडा नीट बघितलाही नाही. सेव्हही केला, जुन्यावरच. म्हटलं, खूश होईल. आणि मग पडद्यावर त्या धुनेचं नाव आलं — ‘आई’.

बायको गेली माझी, गेल्या वर्षी. तिचा आवाज कुठंच रेकॉर्ड केलेला नाही. लेकीनं तिचं गुणगुणणं आठवून आठवून यात बसवलं होतं — आणि मी ते पुसलं! सहा वाजता येतेय लेक, हा कन्सोल न्यायला. कॉपी? नाही हो, असती तर तुमच्यापुढे हात जोडले असते का? तिला विचारू? काय विचारू — तुझ्या आईचा आकडा काय होता?

आकडा सांगा, घालून देतो म्हणताय... तेच तर! पाच? सहा? मला काय माहीत! नवीन लग्न झालं तेव्हा मीच म्हटलं होतं, सूर हलतोय तुझा, स्थिर ठेव. हसली नुसती. पण त्यानंतर मी घरात असलो की गुणगुणणं बंद. जिन्यात माझी पावलं वाजली की गप्प. लेकीनं ऐकलं सगळं, मी — मी कामात होतो, हेडफोन लावून, दुसऱ्यांचे आवाज नीट करत...

बरं, वाजवा. पाच घाला. हं... आता सहा. परत पाच. परत — थांबा, मधला एक... नाही कळत हो. मला नाही ओळखता येत तिला. कुठल्याच आकड्यात.

बंद करा. — अहो, बंद करा म्हटलं ना!