सभेपुरतं गाव

चहा राहू दे, आधी ही सभा ऐका. मोखाड्यात आमच्या पाड्यावर स्थलांतर थांबवायची योजना सांगायला साहेब येणार होते. पण दिवाळी उरकली की सगळा पाडा वीटभट्टीवर! मग सरपंचांनी भिवंडीच्या भट्टीवरून आमचीच माणसं टेम्पोत भरून आणली. संध्याकाळपर्यंत परतली नाहीत, तर शेठ दुसरे मजूर ठेवणार.

साहेबांचं भाषण संपेना. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न, माणसांची चुळबुळ.

"शपथ घ्या, गाव सोडणार नाही!"

सगळ्यांनी चपला घालता घालता घेतली आणि टेम्पो गाठला.

इकडे साहेबांची जीप सुरूच होईना. तेही धावत आले.

"अहो थांबा! इथं रात्र कुठं काढू? मलाही न्या!"

देवकीवहिनी सरकून बसली. "चढा सायेब, शपथ घेतलेली सगळी इथंच हायेत."