पद्मा बेसूर झाली नव्हती

बसा, बसा. माझ्यासाठी उभं राहू नका. हाताला धरून माईकपर्यंत आणलंत, तेवढं पुरे.

सात रस्ता चौकाकडच्या त्या खिडक्या कुणीतरी लावून घ्या. हॉर्नच्या वर आवाज काढायची ताकद आता माझ्यात राहिली नाही. आणि आज जे बोलायचं आहे ते मला पुन्हा एकदा म्हणता येणार नाही.

मंडळी, या शोकसभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. पद्माच्या मुलीनं, सुजातानं, मला परवा फोन केला होता. "शकूमावशी, दोन शब्द बोलशील का?" मी म्हणाले, "नको गं, मला रडू येईल." खोटं बोलले. मला रडण्याची भीती नव्हती. मला बोलण्याची भीती होती. ती अजून आहे.

पण आत्ता माझ्याआधी देशमानेसर बोलले. फार मनापासून बोलले. आणि शेवटी म्हणाले, "मुंबईच्या त्या एका दिवशी पद्माबाईंचा सूर हुकला, पण माणूस म्हणून त्या जन्मभर सुरात राहिल्या." तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या सुजातानंसुद्धा डोलावली. ते मी बघितलं आणि मला खुर्चीत बसवेना.

सर, तुमचा राग नाही. तुम्ही साठ वर्षं जे ऐकलंत तेच बोललात. पण पद्माचा सूर हुकला नव्हता. मुंबईच्या त्या खोलीत आम्ही तिघी होतो. हिरा कधीच गेली. पद्मा पंधरा दिवसांपूर्वी गेली. आता मी एकटी उरले. मी गेले की तुमचंच खरं होऊन बसेल.

जरा क्रमानं सांगते. एकदम सांगितलं तर तुम्हाला वाटेल, म्हातारी दुःखानं काहीतरी बरळते आहे.

इथं तरुण मुलंमुली आहेत. त्यांना आम्ही कोण ते माहीत नसणार. कागदावर आमचं नाव भगिनी त्रिस्वर मंडळ. गावाच्या तोंडी आम्ही 'भोंग्याच्या पोरी'. मिशनच्या शाळेत एक बाई होत्या. एकच गाणं तिघींनी तीन उंचींवर, एकाच वेळी कसं गायचं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. पद्माकडे वरचा आवाज, हिराकडे मधला, माझ्याकडे खालचा. पेटी नाही, तबला नाही. नुसते तीन गळे. लोकांना आधी कळायचंच नाही. बार्शीत एक आजोबा पुढं येऊन म्हणाले होते, "पोरींनो, आदी एकीनं म्हना, मग दुसरीनं. भांडू नगा." पण दुसऱ्या कडव्याला तेच आजोबा डोळे मिटून बसलेले.

पेटी नाही तर सूर कुठून घ्यायचा? गिरणीच्या भोंग्यातून. पद्माचे वडील गिरणीत मागावर कापड विणायचे, घर तिथल्याच भिंतीला लागून. पाळण्यात असल्यापासून सातचा भोंगा तिच्या कानात. आम्ही अक्कलकोटला असू, श्रीपूरच्या कारखान्यावर असू, ती डोळे मिटायची आणि नेमका तोच सूर काढायची. कधी केसभर इकडं नाही, तिकडं नाही. एकदा आम्ही पैज लावून तालीम केली. तिनं सूर धरला आणि मागून भोंगा वाजला. दोन्ही एक. हिरानं तिच्या पाया पडून दाखवलं, चेष्टेनं. पण मला माहीत आहे, ती निम्मीच चेष्टा होती.

आमची उभं राहायची रीत ठरलेली होती. एक माईक. मध्ये पद्मा. उजवीकडं हिरा. डावीकडं मी, आणि माझा उजवा तळवा पद्माच्या पाठीवर. तिचा श्वास मला हाताला कळायचा, म्हणून आम्ही एकदम सुरू व्हायचो, एकदम थांबायचो. आणि सुरुवातीला दर वेळी मी म्हणायचे, "पद्मे, दे." मग ती सूर द्यायची.

अध्यक्षसाहेब, चिठ्ठी पाठवू नका. मी वाचणार नाही. चष्माही पिशवीत राहिला आहे.

तर, मुंबई. रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीनं आम्हाला चाचणीला बोलावलं. रेल्वेत बसताना आम्ही एकमेकींच्या हातावर हात मारून ठरवलं होतं. घेतील तर तिघींना, नाहीतर एकीलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला एकदा ऐकलं आणि पक्की चाचणी दुपारी ठेवली. तोवर आम्ही त्या कंपनीच्या बाकड्यावर बसलो होतो. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. तिथं तो परीक्षा घेणारा माणूस दुसऱ्याला सांगत होता, "ती वरची मुलगी एकटीच ठेवू. बाकीच्या दोघींना परत पाठवून देऊ."

मी पाणी प्यायलेच नाही. येऊन बाकड्यावर बसले. पद्मानं विचारलं, "का गं, तोंड का उतरलं?" मी म्हणाले, "काही नाही, ऊन लागलं."

आता नीट ऐका. तुमच्यातल्या गाणाऱ्यांना लगेच कळेल, बाकीच्यांना मी समजावते. तीन आवाजांत खालचा आवाज म्हणजे पायाखालची जमीन. ऐकणाऱ्याचं तिकडं लक्षच नसतं. तो वरचा आवाज ऐकतो. पण खालच्या आवाजानं आपला सूर किंचित चढवला, अगदी कळेल न कळेल इतका, तर वरची जागेवर असूनही उतरलेली वाटते. मधलीला काय करावं सुचत नाही. आणि दोष लागतो वरचीला.

दुपारी चाचणीला गायलो, त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एक लांब सूर होता. पद्मानं तो धरला. आणि मी माझा सूर चढवला.

चुकून नाही. मुद्दाम. माझा सूर कधी हलायचा नाही, हिरा मला 'उंबरा' म्हणायची. मी ठरवून हलवला. ही परत जाणार नाही आणि आम्ही दोघी परत जाणार, हे मला सहन झालं नाही. तेवढंच. यापेक्षा मोठं कारण सापडावं म्हणून मी साठ वर्षं शोधते आहे. सापडत नाही.

माझा तळवा तिच्या पाठीवरच होता. तिच्या श्वासाला एवढासाही धक्का बसला नाही. ती भोंग्याच्या सुरावर उभी होती ती शेवटपर्यंत उभीच राहिली. मी खालून जमीन सरकवली, तरी ती सरकली नाही. तो माणूस काचेपलीकडून म्हणाला, "वरचा आवाज सुरात नाही. या तुम्ही."

हो, कुजबुजा. कुजबुजणारच. पण अजून संपलं नाही, आणि पुढचं याहून वाईट आहे.

ही बातमी सोलापुरात कुणी आणली? त्या माणसाचं बोलणं आम्ही तिघींनीच ऐकलं होतं. पद्मा कशाला सांगेल? हिरा गायीसारखी गरीब, ती मेली तरी बोलली नसती. मी आणली. नळावर एकीला म्हणाले, "जाऊ दे बाई, पद्माचं जरा हुकलं." एवढंच. आठ दिवसांत पूर्व भागातल्या प्रत्येक मागावर ते पोचलं होतं. पुढच्याच महिन्यात श्रीपूरला कार्यक्रम होता. पद्मानं डोळे मिटले, मी "दे" म्हणणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सूर सांभाळा की वो बाई!" सगळा मांडव हसला. पद्मानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. माईकपासून बाजूला झाली आणि खाली उतरली. त्यानंतर ती कधी गायली नाही. आमचं मंडळ तिथं संपलं.

मी मात्र संगीतशिक्षिका झाले. शाली घेतल्या, नारळ घेतले. 'त्रिस्वर मंडळाच्या ज्येष्ठ गायिका' म्हणून याच हॉलमध्ये माझा सत्कार झाला, तुमच्यातले काही जण होते. पद्मानं काय केलं? चादरींच्या कडा शिवल्या. सुजाताला वाढवलं.

सुजाता, तुला आठवतं का बघ. तू पाचवीत माझ्या वर्गात होतीस. मी तुला समूहगीताला घेतलं. दुसऱ्या दिवशी तुझी अम्मा शाळेत आली, तुझा हात धरला आणि घेऊन गेली. तू मागं वळून बघत होतीस. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणाले, "काय करणार, आईचा अनुभव वाईट आहे." हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं.

तुला वाटत आलं असेल, अम्माला सूर नव्हता म्हणून तिनं आपल्यालाही गाऊ दिलं नाही. तसं नव्हतं, बाळा. तिला तुला माझ्या हाताखाली ठेवायचं नव्हतं.

उठून जायचं असेल तर जा. मी वाईट वाटून घेणार नाही. पण थोडं राहिलं आहे, आणि ते माझं नाही, तिचं आहे.

मागच्या महिन्यात मी तिला दवाखान्यात भेटायला गेले. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सगळं पाठ करून गेले होते. तिच्या चादरीच्या घड्या नीट करत बसले. तीच म्हणाली, "शकू, लई येळ लावलास." मी म्हणाले, "कशाला गं?" तर म्हणाली, "सोंग करू नगं. मला तवाच कळलं हुतं. भोंगा माज्या कानात हुता. मी न्हाय हलले. मग कोन हललं?"

मी तिचे पाय धरले. म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुजं लगीन ठरत हुतं. म्हनलं, लोक मला चार दिस हसतील, मग इसरतील." आणि मग हसली. म्हणाली, "न्हाय इसरले, त्यो भाग येगळा."

मी तिला त्या माणसाचं बोलणं सांगितलं. म्हटलं, "तो तुला एकटीला ठेवणार होता गं, मी कानानं ऐकलं." तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "त्यो सकाळीच मला बोलला हुता. तुमी दोगी च्या प्यायला गेला हुता तवा. मी त्याला सांगितलं, तिगी न्हायतर एकबी न्हाय. तरी त्यो म्हनला, आदी गा, मग बगू."

तिनं आधीच नाही म्हटलं होतं, मंडळी. बाकड्यावर माझ्या शेजारी बसली होती तेव्हाच. मी म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस, पद्मे?"

म्हणाली, "तू इचारलंस कुटं? ऊन लागलं म्हनालीस की."

मग म्हणाली, "सुजाताला सांग. मी सांगितलं तर तिला वाटंल, म्हातारी जाता जाता अब्रू झाकती. तू सांग." मी म्हणाले, "उद्या सांगते." ती म्हणाली, "व्हय, उद्या."

दुसऱ्या दिवशी गेले. सुजाता आणि मी कँटीनमध्ये चहा घेतला. डॉक्टरांबद्दल बोललो, सलाईनबद्दल बोललो. वर गेले तर पद्मानं नुसती भुवई उडवली. झालं का? मी मान हलवली. नाही. तिनं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आयुष्यभरात तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. तीही मी तिच्या जिवंतपणी दिली नाही. म्हणून आज, न बोलावता, या माईकपुढं उभी आहे.

देशमानेसर, स्मरणिका छापणार आहात ना? त्यात लिहा. पद्मा शेवटच्या सुरापर्यंत सुरात होती. खालचा आवाज हलला होता. खालचा आवाज शकुंतलेचा होता. माझं नाव लिहा, गाळू नका.

मी माफी मागत नाही. ज्यांच्याकडं मागायची त्यातली एक या फोटोत आहे, आणि दुसरीनं, सुजातानं, ती द्यावी, असं म्हणायला माझं तोंड नाही.

आता श्रद्धांजलीसाठी उभं राहायचं असतं. घड्याळ लावू नका. त्या शेवटच्या कडव्याएवढा वेळ शांत राहा. मी माझा खालचा आवाज गाणार आहे, जेवढा उरला असेल तेवढा. तुम्हाला काही ओळखू येणार नाही. खालचा आवाज एकटा गायला तर त्याचं गाणं होत नाही. वरची जागा रिकामी राहील. राहू द्या. सुजाता, तुला गा म्हणायचा हक्क मला नाही. नुसतं ऐक. जिथं काहीच ऐकू येणार नाही, तिथं तुझी अम्मा होती.

मी या वेळी हलणार नाही.

कुणीतरी मला जरा त्या फोटोजवळ न्या. डाव्या बाजूला. हां, इथं. हात पोचतोय.

उठा, मंडळी.

पद्मे, दे.