मुदतवाढ मिळणेबाबत

...पण मी म्हणतो, मंगळवारीच कळायचं होतं? तुम्हाला सांगतो, साधा मंगळवार, सोनपेठला आमच्या शाळेच्या ऑफिसात मी दाखल्यांवर शिक्के मारत बसलेलो, आणि परभणीहून आलेला दुरुस्तीवाला परमेश्वर लॅबमधून ओरडला, "सर, तुमच्या कर्नलची मुदत डिसेंबरात संपायलीय! दुरुस्त्या बंद. मग संगणकात चोर शिरतेत!" संपायलीय कशी? सहा वर्षं म्हणाली होती!

कोण काय विचारता, माझी बायको, बबिता! इथंच संगणक शिकवायची. चौदा भंगार संगणक तिनं फुकटच्या लिनक्स प्रणालीवर चालते केले. त्याचं कर्नल, म्हणजे आतला गाभा, मुद्दाम लांब मुदतीचं घेतलं. जुनी नेटवर्क कार्डं चालेनात, तर गाभ्यात स्वतः प्रोग्रामच्या चाळीस ओळी लिहून बसवल्या! "आता सहा वर्षं बघायचं काम न्हाई." आणि वर्षाच्या आत स्वतःच गेली. संगणक चालूच!

"सहा वर्षं पहिले होती, सर. आता दोनच ठरवलेत कर्नल बनवणाऱ्यांनी. नवं टाकतो, पण म्याडमच्या ओळी त्यात बसायच्या न्हाईत." बसायच्या नाहीत! अहो, तिच्या हातचं तेवढंच चालू आहे... साड्या तर बहिणींनी वाटून नेल्या.

मुख्याध्यापक माणिकराव म्हणाले, "त्यात काय! मुदतवाढीचा अर्ज टाका की!" आणि मी, सत्तावीस वर्षांचा कारकून, टाकला! कर्नलवाल्यांना! जावक क्रमांक, गोल शिक्का, "सोबत: ओळींची प्रत", परमेश्वरनं इंग्रजी करून ईमेल केला. हसा, हसा. मुदत आहे म्हणजे वाढवणारा साहेबही असणार, याशिवाय आम्हाला दुसरं काही सुचतं का?

आणि उत्तर आलं हो! तिसऱ्या दिवशी! कुठल्या देशातला कोण, पण काय अदब! "इथं साहेब कोणी नाही. आम्ही मोजके लोक, थकलो आहोत, सहा वर्षं झेपत नाहीत. मात्र ओळी उत्तम आहेत. मुख्य कर्नलमध्ये घेतल्या तर पुढच्या प्रत्येक आवृत्तीत राहतील. फक्त लिहिणाऱ्या बाईंची सही पाठवा."

सही! जन्मभर लोकांच्या सह्या गोळा केल्या मी... सहा वर्षं म्हणाली होती हो!

परमेश्वर रोज फोन करतो, "सर, काय करायचं?" मी म्हणतो, थांब, पत्रव्यवहार चालू आहे. कसला चालू? पत्र आवकेत नोंदवलं, फायलीला लावलं. ती नाही, हे त्यांना अजून कळवलेलं नाही.