आज एकादशी, कात्री बंद

...आणि वर मलाच विचारतो, "अज्जा, सब्बक्की चालते का?" सब्बक्की म्हणजे आपला साबुदाणा हो! सकाळची वेळ, मी अजून मशीनला तेल घातलेलं नाही, आणि हा कुठल्या गावचा कोण, फोन करून मला उपासाचं विचारतोय! म्हटलं, बाबा रे, खा नाहीतर नको खाऊ, पोट तुझं, देव तुझा, मला काय विचारतोस? तर म्हणतो, "मग वेबसाइट कशाला काढली?" तुम्हाला सांगतो, उभा जन्म कोट शिवण्यात गेला, मोठमोठ्या माणसांच्या बगलेत टेप धरली, पण असलं तोंड वर करून मला कुणी विचारलं नव्हतं. मी शिंपी आहे हो, शिंपी!

म्हणजे काय झालं, इकडं कन्नड मुलखात, मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. 'अंबाजीराव अँड सन, कोट स्पेशालिस्ट.' अंबाजीराव मी. सन म्हणजे रक्षित, तो मेटगळ्ळीला कारखान्यात सुपरवायझर. सुईत दोरा ओवायला सांगितला तर चष्मा शोधायला जातो तो परत येत नाही. असला सन! तो एक दिवस जेवताना म्हणतो, "अप्पा, आता कोट कोण शिवून घेतं? दुकान भाड्यानं देऊ. एक रेडीमेडवाला मागतोय." रेडीमेडवाला! माझ्या कटिंगच्या टेबलावर त्याचे पिशवीतले शर्ट! म्हटलं, मी गेल्यावर दे. तर आमची मंडळी, सोयराबाई, आतून ओरडते, "जेवताना असलं अभद्र नका बोलू... पण भाडं किती देतो म्हणाला रे?" बघा! घरातच ही तऱ्हा!

मग सून मध्ये पडली. स्पंदना तिचं नाव. निम्मं मराठी बोलते, निम्मं कन्नड, पण पोर गुणी. म्हणाली, "साकु री, पुरे आता, भांडण नको. मामा, दिवाळीपर्यंत मला द्या. मी दुकानाची वेबसाइट काढते. त्यातून दुकानाचा खर्च निघाला तर दुकान राहील. नाही निघाला तर..." रक्षितनं रेडीमेडवाल्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं.

झालं! माझा फोटो काढला. गळ्यात टेप, हातात कात्री. "मामा, हसा." म्हटलं, कोट विकायचेत की दात? मग जाहिरात! कोटाच्या पिशवीवर तो काळा-पांढरा चौकोन छापला. त्याच्यासमोर फोन धरला की म्हणे आमचं दुकान उघडतं. तेच देवळातल्या मंडळींना पाठवलं, कारखान्यात पाठवलं, भाजीवालीला पाठवलं! भाजीवाली कोट घालते? आणि वर प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगायचं, तारे द्या. पाचपैकी किती ते तुम्ही ठरवा! अहो, माझी कॉलर मानेवर कशी बसते ते बघून माणसं पूर्वी गप्प व्हायची, तोच आमचा तारा. एकानं तीन दिले. का? तर म्हणे, कोट उत्तम, पण दुकानासमोर स्कूटर लावायला जागा नाही. आता जागा काय मी कापडातून कापून काढू? मी शिंपी आहे हो, शिंपी!

लोक वेबसाइटवर यायचे. बघायचे. जायचे. कोट एक नाही.

आणि मग आली एकादशी.

आता आमच्याकडं आजोबांपासून एक चाल आहे, एकादशीला कात्री चालत नाही. आदल्या संध्याकाळी कात्री पुसायची, फडक्यात गुंडाळायची आणि घरी विठोबापुढं ठेवायची. शटरवर पुठ्ठ्याची पाटी लावायची, 'आज एकादशी, कात्री बंद, उद्या या.' आदल्या रात्री दुकान बंद करतानाच लावायची, म्हणजे सकाळी त्यासाठी यायला नको. मग नवरदेव येवो नाहीतर मंत्री. बंद म्हणजे बंद. त्या दिवशी दुपारी मी शेंगदाण्याचा लाडू खाऊन जरा टेकलो होतो, तर स्पंदनाच्या फोनमध्ये टिंग! आणि ती नाचत आली, "मामा, पिरियापट्टणहून विचारतायत! तंबाखूचे व्यापारी! तीन कोट!"

मी उठून बसलो. म्हटलं, आज? दुकान बंद असताना हे आत आलेच कसे?

"वेबसाइट उघडीच असते ना मामा."

तुम्हाला सांगतो, डोक्यात जाळ झाला! म्हणजे मी इथं कात्री देवापुढं ठेवून बसलोय आणि तिकडं माझ्याच नावानं, माझ्याच फोटोनं, दुकान धडाधड चालू? देवाला काय फसवायला निघालोय आम्ही? म्हटलं, शटर ओढ. "अय्यो मामा, वेबसाइटला शटर नसतं!" नसेल तर बसवून घे! "आणि त्या तीन कोटांचं काय?" उद्या या म्हणून सांग. तिनं सांगितलं. ते आले नाहीत. रक्षितनं रात्रभर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तीन कोट गिळून बसलोय.

पण शटर बसलं! स्पंदनानं माझ्या पुठ्ठ्याच्या पाटीचाच फोटो काढला आणि वेबसाइटच्या तोंडावर लावून टाकला. खाली कन्नडमध्ये, इंग्लिशमध्ये तेच. आदल्या रात्री चढवायची, द्वादशीला उतरवायची. एकही एकादशी चुकवली नाही. मी चुकवू देतो?

दोन-तीन महिने गेले. एक दिवस ती धावत दुकानात. "मामा, लोक तुटून पडलेत!" कोटावर? "नाही, पाटीवर!"

काय समजावून सांगावं तुम्हाला... अहो, लोक फोनला विचारतात, एकादशी कधी आहे? आणि तो फोन त्यांना धरून आणतो तो थेट माझ्या दारात! का, तर इथं दर एकादशीला न चुकता पाटी लागते, म्हणून भरवसा. हुबळीहून येतात, बेळगावहून येतात, अमेरिकेतून येतात. कोटाकडं ढुंकून बघत नाहीत. पाटी वाचतात आणि उपास धरतात! देशातली निम्मी माणसं माझ्या कात्रीकडं बघून उपाशी राहतायत! मी शिंपी आहे हो, शिंपी!

आणि गर्दी झाली की जाहिराती येतात. आपोआप येतात म्हणे, आणि त्याचे पैसे मिळतात. म्हटलं दाखव. दाखवली. माझी पाटी, 'कात्री बंद', आणि बरोबर तिच्या खाली, माझ्या नाकाखाली... रेडीमेड कोट! एक पोरगा हसतोय, खांद्यात कोट असा फुगलाय जशी आत कोंबडी बसलीय. काढ म्हटलं ते! आधी काढ! "मामा, पैसे त्याचेच येतात." रक्षितनं फोन घेतला, आकडा बघितला, परत बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नरमाईनं म्हणाला, "अप्पा, खर्च निघतोय. दुकान राहू दे." माझे डोळे भरून येणार होते, तेवढ्यात पुढं म्हणतो, "फक्त ती पाटी काढू नका."

ऐकलंत? दुकान वाचलं. कशावर? तर बंद असण्यावर!

बरं, एवढ्यावर थांबावं ना? नाही. एका गुरुवारी दुपारी दारात वादिराजराव. जयलक्ष्मीपुरमला राहतात, कॉलेजात शिकवायचे, आता रिटायर. जुने गिऱ्हाईक. काठी आपटत आत आले आणि म्हणाले, "अंबाजीराव, तुम्ही माझी एकादशी बुडवलीत!" मी? "तुमची पाटी बघून बुधवारी मी आणि आमची मंडळी वेदवती, दोघं कडकडीत राहिलो. पाणी नाही! आज सकाळी पारणं केलं. बिसिबेळेभात खाल्ला. मागून घेऊन खाल्ला! आणि मठात गेलो तर सांगतात, आपली एकादशी आज!"

आता तुम्हाला माहीत आहे, कधी कधी दोन एकादश्या पडतात. कुणाची आदल्या दिवशी, कुणाची दुसऱ्या. आमची बुधवारी होती, त्यांची गुरुवारी. म्हटलं, वादिराजराव, एकादशी माझी, कात्री माझी, पाटीसुद्धा माझी. तुम्हाला उपास करा म्हणून मी सांगितलं? तर म्हणतात, "मग दुसऱ्याच्या एकादशीची पाटी जगाला दाखवता कशाला? आमची पण लावा." म्हटलं, तुमच्या एकादशीला माझी कात्री चालू असते. चालू कात्रीला बंद कसं म्हणू? खोटी पाटी मी लावणार नाही. "मग बंद ठेवा!" असं म्हणून ते खुर्चीत बसले ते उठेचनात. मी माझ्या स्टुलावर, ते खुर्चीत. वेदवतीबाईंचा निरोप आला, घरी या. हे हलत नाहीत. आणि स्पंदनाचा चेहरा असा फुललेला! "मामा, दोन दिवस पाटी म्हणजे दोन दिवस जाहिरात!"

लावली. काय करतो? बाईमाणसाचा बिनपाण्याचा उपास माझ्या पाटीपायी वाया गेला होता. आता दोन एकादश्या पडल्या की दोन दिवस कात्री विठोबापुढं. आणि त्यांच्या एकादशीला वादिराजराव स्वतः येतात, दुकानात बसून खात्री करतात की बंद आहे! मी शिंपी आहे हो... नुसता राखण करायला ठेवल्यासारखा बसतो.

आणि तशाच एका दिवशी तो आला. धनुष नाव त्याचं. लग्न ठरलेला, उंचापुरा पोरगा, उजवा खांदा किंचित उतरता. रेडीमेडमध्ये जन्मात बसणार नाही असा खांदा! म्हणतो, "अज्जा, लग्नाचा कोट. तुमच्याच हातचा पाहिजे. माझ्या आजोबांचा तुम्ही शिवला होता." तुम्हाला सांगतो, किती दिवसांनी हे वाक्य ऐकलं! हात आपोआप टेपकडं गेला. अस्तर कुठलं लावायचं तेसुद्धा मनात आलं. आणि खुर्चीतून आवाज, "अंबाजीराव, आज आमची."

माझी नव्हती हो. माझी काल होऊन गेली होती. पण पाटी लागली होती, खाली माझं नाव होतं. म्हटलं, बाळ, उद्या ये. कात्री बंद आहे.

तो "सरि अज्जा, बरं" म्हणाला, बाहेर फुटपाथवर गेला, फोन काढला. उद्या किती वाजता उघडतं ते बघायला माझीच वेबसाइट उघडली असणार. मी आतून बघत होतो. बोटानं काहीतरी दाबलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो, खडूला टोक काढून ठेवलं. तो आला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही.

परवा आला. हातात पिशवी. पिशवीतून काढला कोट. तोच! कोंबडीवाला! उजव्या खांद्यावर मुठीएवढी सुरकुती. आणि पोरगा आनंदानं सांगतो, "अज्जा, तुमच्याच वेबसाइटवरून घेतला! फक्त बाही दोन बोटं लांब आहे. उद्या लग्न. तेवढी कापून द्या ना." स्पंदना मागून हळूच म्हणते, "मामा, त्याचे पण पैसे आपल्याला मिळाले."

रेडीमेडला मी हात लावत नाही. कधीच लावलेला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा इतक्या मनापासून वाटलं, आज एकादशी असू दे. माझी नाहीतर वादिराजरावांची, कुणाची का असेना...

षष्ठी होती.

बाही कापून दिली.