येसूचे पाय सरळच होते

ऐका. शेकोटीजवळ सरका. मागं अंधारात बघू नका, तिथं काही नाही.

केरबा निघाला तो दिवस मावळल्यावर. बैल चुकलेला, तो हुडकायला. लोक म्हणाले, बाभूळखिंडीत चकवा आहे, माणसाला रात्रभर गोल फिरवतो. ऐकतोय कुठं! फिरला. रात्रभर फिर फिर फिरला. उजाडता दारात आला. बायको, येसू, पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. तिच्याकडं बघून हा पायरीवरच थांबला.

"तोंड तिचंच घेतलंयस," म्हणाला. "पर आत ती न्हाई."

ऐकताय ना? चकवाच येसूचं रूप घेऊन घरात बसलाय, असं त्याच्या मनानं घेतलं. आता भुताची पारख आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही? पाय बघायचे. तिनं दाखवले. सरळ. मग मीठ, भुताला मीठ सोसत नाही. बिचारीनं मूठभर खाल्लं. केरबा आणखीच भ्याला. मीठसुद्धा पचवतंय, म्हणजे भूत जबर! मग लग्नातला उखाणा. तिनं अडखळत घेतला. तर हा ढसाढसा रडायला लागला. तिच्याकडून वदवून घेतलंस, म्हणाला, आता तरी सांग, माझी येसू कुठं ठेवलीस?

ती जितकी खरी ठरली, तितकी परकी झाली. भगत झाला, डॉक्टर झाला. डॉक्टर म्हणाला, मेंदूचा आजार आहे, गोळ्या द्या. तिच्या हातची गोळी तो घेईना. आजार म्हणा, चकवा म्हणा, बाईचे हाल तेच.

एका अवसेला, पहाटेच्या आधी, तो उठून खिंडीत गेला. येसूला शोधायला! ही मागं धावली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. कड्यावर त्याच्या धोतराचा सोगा हाती लागला, तो ओढला. एक पाऊल राहिलं होतं, एकच.

"अवो, मी हाय."

"येसू? घावलीस व्हय," तो म्हणाला.

तोंड दिसत नव्हतं ना! आवाज ओळखला. हात धरून निघाला. वाटभर सांगत होता, घरात तुझ्या रूपाचं भूत बसलंय, भिऊ नको. येसू मुद्दाम हळू चालत होती. उजाडू नको रे देवा, एवढंच मनात.

वेशीपाशी उजाडलं. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि हात सोडला.

त्या वाटेला जाऊ नका, बाबांनो. केरबाचा जीव वाचला, खरं आहे. पण येसू आजही घरात दिवा लावत नाही. अंधारात तो तिच्याशी बोलतो.