असरची दहा मिनिटं

ऑपरेटर : एवढंच सांगायचं, मास्तर. त्या दिवशी असरच्या नमाजला पंचवीस मिनिटं लागली. एक वाक्य आहे. तुमचं कोण खोटं धरणार?

मास्तर : चार रकाती, चार वेळा उठबस. पंचवीस मिनिटांत मी अख्खं पॅकिंग खातं दोनदा पढवून काढीन. तो पुठ्ठा इकडे सरकव, अंथरायचाय.

ऑपरेटर : थट्टा नको.

मास्तर : थट्टा कसली. सतरा वर्षं नमाज पढवायला मी पुढे उभा राहतोय. पहिल्याच आठवड्यात रंगखात्यातला जाड्या म्हणाला होता, मास्तर, जरा आटपतं घ्या, माझी बॅच करपते. तेव्हापासून दहाच्या वर कधी गेलो नाही. ऑफिसच्या भिंतीवर कागद लावलाय, दहा मिनिटं, खाली थोरल्या मालकांची सही. तू रोज बघत होतास तो.

ऑपरेटर : म्हणून तर तुमच्याकडे आलो. उद्या अकराला चौकशी आहे. पावणेपाचला मी बॉयलर सोडला, पाच दहाला तो फुटला. मधली पंचवीस मिनिटं मी कुठे होतो, एवढंच त्यांना हवंय.

मास्तर : मलाही.

ऑपरेटर : तुम्हाला माहीत आहे.

मास्तर : मला काय माहीत असणार? माझी पाठ असते तुमच्याकडे. पुढे उभं राहणाऱ्याला मागचं दिसत नाही, आणि ते बरं असतं. पण खांद्याला खांदा लागतो ना. जाड्याच्या डावीकडे तू असायचास. आठ महिन्यांपूर्वी तो मला म्हणाला, शेजारची जागा रिकामी राहतेय. दोन दिवस त्याने तशीच ठेवली, तू धावत येशील म्हणून. ओळीत फट ठेवायची नसते. तिसऱ्या दिवशी तो सरकला.

ऑपरेटर : आणि तुम्ही कधी विचारलं नाही.

मास्तर : मी काय हजेरी घेतो? पावणेपाचला तू टोपी घालून निघायचास. तुझा हेल्पर पैलवान तुझ्या जागी बॉयलरच्या पाण्याच्या काचेसमोर उभा राहायचा. पंचेचाळीस किलोचा माणूस, छाती काढून, जसा काही तोफेवर नेमलाय. मला वाटलं, घरी पढत असशील. माणूस चार दिवस रुसतो, मग येतो. तिथं चुकलो मी.

ऑपरेटर : रुसलो नव्हतो. रुसायला समोर कुणीतरी असावं लागतं.

मास्तर : असं बोलू नये.

ऑपरेटर : विचारलंत म्हणून बोललो. अम्मी दोन वर्षं अंथरुणावर होती. तिला बरी कर असंही मी मागितलं नाही. तिचं सुटणं सोपं कर, एवढंच. पाची वेळा तेच. शेवटचे नऊ दिवस ती ओरडत होती, मास्तर. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्यानंतर सजद्यात डोकं टेकवलं की फरशी गार लागायची, बस. तोंड चालू, आत सगळं बंद.

मास्तर : तरी पढायचं.

ऑपरेटर : कशाला?

मास्तर : आपल्याकडे ओलं कापड ताणायला लावतात, बघितलंस ना? दोन्ही कडांना पिना. पिना काढल्या तर हातभर आकसतं. त्या वेळी कापडाला आतून काय वाटतं, हे कुणी विचारत बसत नाही. दिवसाला पाच ठिकाणी पिन लागली की माणूस आकसत नाही, एवढंच मला कळतं. मी काही शिकलेला मौलवी नाही. घड्या घालणारा माणूस.

ऑपरेटर : तुमचं सगळं कापडात.

मास्तर : आणि तुझं वाफेत. कुठे जायचास मग?

ऑपरेटर : नमाजाच्या खोलीमागे रिकाम्या पेट्या रचल्यात ना, त्यांच्या आड. बसायचो. तुमचा आवाज भिंतीतून यायचा. तुमचं संपलं की दोन मिनिटं थांबून परत. पैलवानाला कधी सांगितलं नाही. घरीही नाही. त्या दिवशी सकाळच्या पाळीचा ऑपरेटर आलाच नव्हता, मी पहाटे पाचपासून उभा. टेकलो आणि डोळा लागला.

मास्तर : जाग कधी आली?

ऑपरेटर : आवाजाने.

मास्तर : आणि आता मी सांगायचं, तू तेवढा वेळ माझ्या मागे उभा होतास.

ऑपरेटर : बाकीचे दहा जण तयार आहेत. जाड्यासुद्धा. तुम्ही हो म्हणालात की झालं. सुट्टी परवानगीची होती, नमाज लांबली, माझ्याकडे दोष येत नाही. नाहीतर लायसन जाईल. पैलवान गेला, माणूस मेलाय, म्हणजे पोलीस केस. दोन मुली आहेत मला. थोरलीची परीक्षा पुढच्या महिन्यात.

मास्तर : खोलीला कुलूप लागलंय, ते तू पाहिलं नाहीस. तुला आत यायची मनाई आहे म्हणून. अकरा दिवस झाले, आम्ही इथं पढतोय, फाटकाबाहेर, या उतारावर. खोकी उलगडून. आणि इथंच ट्रक मागे घेतात. काल एक ट्रक शेवटच्या ओळीपासून दोन हातांवर थांबला. आम्ही सजद्यात होतो, कुणाला कळलंही नाही. नंतर चाकाची खूण दिसली.

ऑपरेटर : त्यात माझं काय?

मास्तर : मॅनेजर म्हणालाय, नमाजामुळे झालं असं ठरलं तर कागद भिंतीवरून उतरेल आणि खोलीत रंगाचे डबे जातील. दहा मिनिटांत होते, म्हणून ती नमाज चालू होती. त्या दहावरच सगळं उभं होतं. आणि तू म्हणतोस, पंचवीस सांगा.

ऑपरेटर : खोली काय, दुसरी मिळेल.

मास्तर : तुला तीही नको होती.

ऑपरेटर : लागेल असं बोललात.

मास्तर : लागावं म्हणूनच बोललो. जरा गप्प राहा, ती येतेय.

(पैलवानाची बायको हातात कापडी पिशवी घेऊन फाटकातून बाहेर येते.)

वहिनी : चाचा, सामान दिलं त्यांनी. चपला, एक शर्ट, डबा. डबा तसाच दिलाय, अकरा दिवसांचा. भाऊजीपण इथेच आहेत. बरं झालं.

ऑपरेटर : वहिनी.

मास्तर : पोरी, बस या पेटीवर.

वहिनी : बसत नाही. आत साहेबांनी सही मागितली. ऑपरेटर नमाजला गेला, वेळेवर परत आला नाही, म्हणून झालं, असं लिहून ठेवलंय. मी नाही केली. म्हटलं, आमचे हे तसं सांगून गेले नाहीत.

मास्तर : बोलला होता तो?

वहिनी : दवाखान्यात दोन दिवस होते ना. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध आली, अर्धा तास. ओठ तेवढे शाबूत होते. म्हणाले, काचेत पाणी खाली उतरताना दिसलं म्हणून मी बोलवायला गेलो. दारात उभा राहिलो. सगळे डोकं टेकून होते, एकाचंही तोंड दिसत नव्हतं. हाक नाही मारली.

ऑपरेटर : दारात आला होता?

वहिनी : चपला काढून, म्हणाले. आता उठतील, संपतच आलंय, त्याची नमाज कशाला मोडू. परत जाऊन तुमची वाट बघत राहिले. तोवर काचेत पाणी दिसेनासं झालं, म्हणून पंप चालू केला.

ऑपरेटर : पंप नाही लावायचा. पाणी दिसेनासं झालं की आधी जाळ काढायचा. आत पत्रा लाल झालेला असतो, त्यावर गार पाणी गेलं की फुटतो. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. वाटायचं, कशाला लागतंय, मी येतोच दहा मिनिटांत.

वहिनी : त्यांनी तुम्हाला दोष नाही दिला. मला बजावून सांगितलं, ऑपरेटरला काही बोलायचं नाही, तो नमाजात होता.

मास्तर : असं म्हणाला?

वहिनी : दोनदा. भाऊजी, तुमच्या नमाजाचं त्यांना भारी कौतुक होतं. घरी आले की सांगायचे, तो पढतो तोवर काच मी बघतो, म्हणजे निम्मी माझी झाली. मी चिडवायचे, स्वतःच्या देवाला हात जोडायला वेळ नाही आणि दुसऱ्याच्या नमाजात वाटा मागता. तर म्हणायचे, वाटा मागत नाही, नोकरी करतो मी तिथं. तुम्हाला एक विचारायचं होतं. म्हणून बरं झालं म्हटलं, तुम्ही भेटलात.

ऑपरेटर : विचारा.

वहिनी : त्या दिवशी तुम्ही काय मागितलं? म्हणजे, ते दारात उभे होते तेव्हा. त्यांच्या वाट्याचं काही होतं का त्यात? मला त्यातलं काही कळत नाही. पण तेवढं कळलं असतं तर.

मास्तर : पोरी, ते असं विचारायचं नसतं गं...

ऑपरेटर : थांबा, मास्तर. वहिनी, मी तिथं नव्हतो.

वहिनी : कुठे?

ऑपरेटर : खोलीत. पैलवान दारात आला तेव्हा जे डोकं टेकून होते, त्यांत मी नव्हतो. मागे पेट्यांच्या आड झोपलो होतो. आणि एकाच दिवशी असं नाही. झोप त्या दिवशी लागली. पण नमाज आठ महिने पढलो नाही.

वहिनी : झोपला होता.

ऑपरेटर : हो.

वहिनी : म्हणजे त्यांनी हाक मारली असती, तरी तुम्ही तिथं नव्हताच.

ऑपरेटर : पेट्या भिंतीला लागून आहेत. मास्तरांचा शब्दन् शब्द ऐकू येतो तिथं. पैलवानाने हाक मारली असती तर मी उठलो असतो.

वहिनी : आणि ती त्यांनी तुमच्या नमाजासाठी नाही मारली.

ऑपरेटर : हो.

वहिनी : चाचा, तुम्हाला हे माहीत होतं?

मास्तर : ओळीत जागा रिकामी होती, एवढं माहीत होतं. पुढचं विचारलं नाही.

वहिनी : आठ महिने. दोनदा तापात गेले होते कामावर. म्हटलं, राहा आज घरी. तर म्हणाले, माझ्याशिवाय त्याला सोडवणार कोण, त्याची वेळ चुकेल. मी स्वतः डबा भरून दिला.

ऑपरेटर : वहिनी, मला शिव्या द्या.

वहिनी : मला सांगून गेलेत, तुम्हाला बोलायचं नाही. नाहीतर बोलले असते. जे मला सांगितलंत ते आत सांगा. मी ऐकून काय करू? आता त्यांना जाऊन सांगताही येत नाही.

मास्तर : पोरी, रिक्षा बघू का?

वहिनी : चालत जाईन. हा डबा घ्या, भाऊजी. मला उघडवत नाही. धुऊन पाठवा.

ऑपरेटर : मी स्वतः आणून देतो.

वहिनी : पाठवा म्हटलं.

मास्तर : गेली. वळूनही बघितलं नाही.

ऑपरेटर : पेन आहे?

मास्तर : खिशाला आहे. कागद नाही. ही पॅकिंगची चिठ्ठी घे, मागून कोरी आहे. पुठ्ठ्यावर ठेवून लिही.

ऑपरेटर : पावणेपाच ते पाच दहा, मी खोलीमागच्या पेट्यांच्या आड झोपलो होतो. नमाज नेहमीसारखी दहा मिनिटांत संपली. तिचा यात संबंध नाही. पाणी गेल्यावर पंप लावू नये, हे हेल्परला मी शिकवलं नव्हतं. आणखी काही राहिलं?

मास्तर : सकाळच्या पाळीचा आला नाही, बारा तास उभा होतास, तेही लिही. खरं आहे ते. त्यांनाही थोडं टोचू दे.

ऑपरेटर : ते लिहिलं तर सबब वाटेल.

मास्तर : वाटू दे. खरं अर्धं लिहायचं नसतं. आणि खाली माझ्यासाठी दोन ओळी सोड. आठ महिने जागा रिकामी होती हे मला माहीत होतं आणि मी कुणाला बोललो नाही. माझ्या हाताने लिहितो.

ऑपरेटर : तुम्ही कशाला? उद्या तुमच्यावरही घसरतील.

मास्तर : घसरू दे. पोरींना काय सांगशील?

ऑपरेटर : हे आत्ता विचारताय?

मास्तर : मी तुझ्या खोट्याला नाही म्हणालो. तुझ्या पोरींना नाही म्हणालो नव्हतो. आज संध्याकाळी घरी येतो मी. तुझ्या बायकोला एकट्याने सांगू नकोस.

ऑपरेटर : बरं. सही केली. हे घ्या पेन.

मास्तर : चारला चाळीस झाले. ते बघ, जाड्या वजू करून, ओल्या हातांनी बाह्या सोडत येतोय. टोपी आहे का खिशात?

ऑपरेटर : आहे. घालवत नाही.

मास्तर : नाही घातलीस तरी उभा राहा. मी मागे बघत नसतो.

ऑपरेटर : तुम्ही पढा. तो ट्रक सुरू झालाय, आता मागे घेईल. त्याला आरशात खाली टेकलेली माणसं दिसायची नाहीत.

मास्तर : काल थांबला, तसा आजही थांबेल.

ऑपरेटर : डबा इथं पेटीवर ठेवतो. मी उतारावर उभा राहतो, ड्रायव्हरला दिसेन असा. किती वेळ लागेल तुम्हाला?

मास्तर : दहा मिनिटं.

ऑपरेटर : मग सावकाश पढा. तुमचं होईपर्यंत मी इथून हलत नाही.