आधी कौतुक

वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन ज्ञानेश्वरी संगमनेरच्या स्टँडवर बसच्या रांगेत उभी होती. पुढे एका डेअरीतले दोघे बोलत होते: नवा सुपरवायझर हर्षल आणि त्याला काम शिकवणारे भागवतमामा.

"मामा, तुमच्यासारखा दूध पारखनारा जिल्ह्यात न्हाई."

"सकाळपास्नं तिसऱ्यांदा सांगतोयस. काय हाय?"

"आमी कामात पुढं जावं म्हनून साहेबांनी कसं बोलायचं ते शिकवायला कोच लावलाय. कोच म्हनत्यात, वाईट बातमी देताना आधी कौतुक करायचं."

"मंग दे की बातमी."

"एक तारखेपासनं तुमचं काम बंद. मशीन येतंय."

"तुला मी हाताला धरून शिकवलं, हर्षल."

"म्हनून तर मलाच सांगायला लावलं."

"आन् सांगून झाल्यावर काय करायचं?"

"परत कौतुक."

"मंग कर. बस यायला येळ हाय."